आरटीओतली नोंद, उतारा आणि पर्टिक्युलर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी विकायची असते, घ्यायची असते, अपघाताचा दावा लावायचा असतो किंवा पोराला परदेशी लायसन काढायचे असते. अशा वेळी कोणीतरी म्हणते, "आरटीओतून पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदीचा अधिकृत उतारा, घेऊन या." मग धावपळ सुरू होते. खालची उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहेत. गोव्यात कार्यालयाला वाहतूक खाते म्हणतात, पण गाडीसाठी 'वाहन' आणि परवान्यासाठी 'सारथी' या दोन प्रणाली तिथेही त्याच, म्हणून बराचसा मजकूर गोवेकरांनाही लागू पडेल.

आरटीओकडे माझ्याबद्दल नेमके काय लिहिलेले असते?

दोन वेगळ्या नोंदी असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली गाडीची: मालकाचे नाव-पत्ता, चासी आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख, कर कुठपर्यंत भरला, फिटनेस, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि तुम्ही कितवे मालक. दुसरी परवान्याची: पहिल्यांदा कधी मिळाला, कुठल्या कार्यालयाने दिला, कोणकोणत्या प्रकारची वाहने चालवायची मुभा आहे, मुदत कधी संपते, कधी निलंबित झाला होता का.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यानुसार राज्य आपापली नोंदवही ठेवत असे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांची आणि वाहनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद आली. म्हणून साताऱ्यात नोंदलेल्या गाडीची माहिती आज पणजीत बसूनही दिसते. फक्त तेलंगणाने बरीच वर्षे स्वतःची वेगळी प्रणाली ठेवली होती. नांदेड-सोलापूरकडे तिकडची जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण तिचा मागचा इतिहास आपल्या पोर्टलवर अर्धवट दिसू शकतो.

काय नसते तेही सांगतो. गाडीची सर्व्हिसिंग, विम्याचे क्लेम, पोलिसांचा एफआयआर यांतले काही आरटीओच्या उताऱ्यात सापडत नाही.

अमेरिकेत 'ड्रायव्हिंग रेकॉर्ड' मिळतो तसा इथे मिळतो का?

तसाच्या तसा नाही. तिकडे राज्याचे मोटार खाते एका कागदावर तुमचे गुन्हे, दंड आणि बहुतेक राज्यांत पॉइंटसुद्धा छापून देते आणि विमा कंपनी त्यावरून हप्ता ठरवते. आपल्याकडे देशभर लागू अशी पॉइंटची पद्धत चालत आलेली नाही. चलने वाहतूक पोलिसांकडे, खटले कोर्टात, निलंबन आरटीओत, क्लेम विमा कंपनीकडे. त्यामुळे परदेशातल्या एचआरने "ड्रायव्हिंग हिस्टरी" मागितली तर त्याला सर्वांत जवळचा कागद म्हणजे परवान्याचा उतारा. सारथीवर त्याला 'डीएल एक्स्ट्रॅक्ट' म्हटले आहे.

नुसती माहिती बघायची आहे, कागद नको. काय करू?

एमपरिवहन ॲप घ्या किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाका. मालकाचे नाव मधली अक्षरे फुल्यांनी झाकून दिसते, पत्ता दिसत नाही. बाकी नोंदणीची तारीख, इंधन, मॉडेल, विमा आणि फिटनेसची मुदत, बोजा असल्यास बँकेचे नाव, एवढे दिसते. घरबसल्या खात्री करायला हे पुरेसे आहे. कोर्टात किंवा वकिलातीत मात्र या स्क्रीनशॉटला कोणी विचारत नाही.

गाडीचे पर्टिक्युलर्स म्हणजे काय आणि ते कसे काढायचे?

जमिनीला सातबारा तसे गाडीला पर्टिक्युलर्स: आजच्या तारखेला नोंदवहीत काय आहे त्याचा अधिकृत उतारा. आरसी कार्डावर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जुनी स्थिती छापलेली असू शकते. कर्ज फिटूनही कार्डावर बँकेचे नाव असते, किंवा उलट. पर्टिक्युलर्स ताजी स्थिती सांगतात.

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमध्ये राज्य निवडा, गाडीचा नंबर टाका, मग चासी नंबरची शेवटची पाच अक्षरे. आरसीवर नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. यादीतून आरसी पर्टिक्युलर्स निवडा, फी भरा, पावती जपून ठेवा. पुढे कागद ऑनलाइनच मिळतो की खिडकीवर जावे लागते, हे अर्ज कोणत्या कारणासाठी आहे यावर आणि त्या कार्यालयाच्या पद्धतीवर ठरते. सही-शिक्का लागणार असेल तर पावती, आरसी आणि ओळखपत्राची प्रत घेऊन मूळ नोंदणी कार्यालयात जा. एमएच १२ ची गाडी पुण्यात, एमएच ०९ ची कोल्हापुरात, एमएच ४३ ची वाशीत. गाडी तुम्ही कुठे चालवता याला इथे महत्त्व नाही.

फी इथे मुद्दाम लिहिलेली नाही. ती गाडीच्या प्रकारानुसार वेगळी असते आणि बदलतही राहते. अर्ज भरताना पडद्यावर दिसते ती खरी. त्याहून जास्त कोणी सांगितली तर वरचे पैसे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ओटीपी येतच नाही. नोंदीत जुना मोबाइल नंबर आहे.

निम्म्या लोकांचे घोडे इथेच अडते. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने स्वतःचा किंवा एजंटाचा नंबर टाकलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर अद्ययावत करण्याची वेगळी सोय आहे. तिथे चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि मुदत आरसीवर आहे तशीच भरावी लागते. एक अक्षर चुकले तरी पुढे जात नाही. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गफलत नेहमीची. आधारवरचे नाव आणि आरसीवरचे नाव जुळत नसेल तर हे ऑनलाइन होत नाही, कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

काम नसले तरी हा नंबर आज तपासून घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची वेळ येते तेव्हा ओटीपी त्याच नंबरवर जातो. तो नंबर अनोळखी माणसाच्या खिशात असणे चांगले नाही.

परवान्याचा उतारा कसा मिळतो?

सारथीवर राज्य निवडून परवानाविषयक सेवांमध्ये जा, परवाना क्रमांक आणि जन्मतारीख द्या, डीएल एक्स्ट्रॅक्ट निवडा. परवाना कोणत्या कार्यालयाचा आहे हे क्रमांकातच असते. समजा क्रमांक एमएच १४ २०११०००१२३४ असा आहे. एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, पुढचे २०११ हे परवाना दिल्याचे वर्ष आणि उरलेले आकडे अनुक्रमांक. नूतनीकरण नंतर नाशकात केले असेल तरी मूळ कार्यालय कुठले हे असे ओळखता येते. आता पत्ता जिथला, तिथल्या कार्यालयाकडे नोंद वर्ग झालेली असू शकते, म्हणून पडद्यावर कोणते कार्यालय दिसते ते आधी बघा.

उतारा हातात आल्यावर दोन गोष्टी तपासा. पहिल्यांदा परवाना मिळाल्याची तारीख बरोबर आहे का, आणि वाहनांचे सगळे प्रकार आले आहेत का. नूतनीकरणाच्या वेळी कधी कधी मूळ तारीख गळते आणि फक्त नवी तारीख उरते. परदेशी जाणाऱ्याला अनुभवाची वर्षे दाखवायची असतात, त्याच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

माझा परवाना पुस्तकी आहे, पोर्टलवर दिसतच नाही. वडिलांच्या स्कूटरचाही नंबर तीन अक्षरी आहे.

हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांतले सगळे संगणकात गेले नाही. अशा नोंदी मागाहून चढवण्याला 'बॅकलॉग' म्हणतात आणि ते काम ज्या कार्यालयाने मूळ परवाना किंवा नोंदणी दिली तेच करू शकते. मूळ पुस्तिका, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा. कारकून जुनी वही काढून जुळवतो, मग नोंद चढते, आणि त्यानंतरच उतारा, नूतनीकरण, दुबार प्रत यांपैकी काहीही होते. वही सापडायला वेळ लागतो. चकरा होतील, तयारी ठेवा.

तीन अक्षरे आणि चार आकड्यांची पाटी ही १९८९ पूर्वीची. त्या गाडीची पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत केव्हाच संपलेली. पुनर्नोंदणी झालेली नसेल तर उताऱ्याआधी तो प्रश्न उभा राहील.

दुसऱ्याच्या गाडीच्या मालकाचे नाव-पत्ता मला मिळेल का?

कारण काय त्यावर आहे. शेजाऱ्याने गेटसमोर गाडी लावली म्हणून पत्ता हवा असेल तर नाही. पोलिसांना कळवा, त्यांना संपूर्ण नोंद दिसते.

सरकारचाही या बाबतीत एकदा हात पोळला आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्राने वाहन आणि सारथीतला डेटा कंपन्यांना घाऊक विकायचे धोरण आणले, वर्षाला तीन कोटी रुपये असा भाव ठेवला. विमा कंपन्या आणि वाहन उद्योगाला तो डेटा सोन्यासारखा होता. खासगीपणाचा प्रश्न उठल्यावर जून २०२० मध्ये ते धोरण रद्द करावे लागले. नावांवर आज ज्या फुल्या दिसतात त्या बऱ्या वाटाव्यात, असाच हा इतिहास आहे.

एक अपवाद मात्र प्रत्येकाला माहीत असायला हवा. अपघातात तुम्ही जखमी झालात किंवा घरचे माणूस गेले आणि नुकसानभरपाई मागायची आहे, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० नुसार नोंदणी अधिकारी आणि पोलिस ठाण्याचा प्रमुख या दोघांनाही ठरलेली फी घेऊन त्या गाडीचा तपशील तुम्हाला द्यावाच लागतो: गाडीची ओळख, आणि अपघाताच्या वेळी ती कोण वापरत होते त्याचे नाव-पत्ता. अर्जात कलमाचा उल्लेख करा, एफआयआरची प्रत जोडा. कलम लिहिलेला अर्ज आणि नुसता "माहिती मिळावी ही विनंती" असा अर्ज यांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते. गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा हे शोधायला इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर वेगळी सोय आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर?

स्वतःच्या नोंदीसाठी आरटीआय हा लांबचा रस्ता आहे. उतारा आधी मिळतो. दुसऱ्याच्या पत्त्यासाठी टाकलाच तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने तो दरवाजा आणखी घट्ट केला आहे.

आरटीआय उपयोगी पडतो तो फाइलच्या पोटातल्या कागदांसाठी. उदाहरणार्थ, तुम्ही सही केली नाही तरी गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली. मग हस्तांतरणाच्या फाइलमधले फॉर्म २९ आणि ३०, जोडलेली ओळखपत्रे आणि शेऱ्यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर यावे, न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील.

जुनी गाडी घेतोय. नोंदीत काय बघू?

गाडी चालवून बघण्याआधी हे बघा, कारण इंजिन आवडले की माणूस कागदांकडे काणाडोळा करतो.

आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः वाचून जुळवा. पोर्टलवर बोजा दिसतो का बघा. विकणारा म्हणेल, "लोन कधीच संपलंय." संपले असेलही, पण फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आरटीओत जमा करून बोजा उतरवला नसेल तर गाडी तुमच्या नावावर होणार नाही. कितवा मालक ते बघा. काळ्या यादीचा शेरा आहे का बघा. थकलेली चलने वेगळी तपासा. नंबर दुसऱ्या राज्याचा असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हवी. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवलेली नसेल तर पुढची आरटीओची कामे अडतील, हे गृहीत धरून भाव करा.

चोरीची आहे का हे तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सोय आहे. तिथे गाडीचे तपशील टाकून ती चोरीच्या नोंदीत नाही असा दाखला काढता येतो. सगळे जुळले की मगच पर्टिक्युलर्स विकणाऱ्याच्याच नावाने काढून घ्या. तो "कशाला एवढं?" म्हणाला तर ते उत्तरच आहे.

गाडी विकून वर्षे झाली, चलने अजून माझ्याच मोबाइलवर येतात.

म्हणजे नोंदीत मालक तुम्हीच आहात. स्टॅम्प पेपरवरचा करार, दोन साक्षीदार, पैसे मिळाल्याची पावती, हे तुमच्या आणि घेणाऱ्याच्या दरम्यानचे. कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याचे नाव नोंदवहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. त्यात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, अपघात शेवटच्याच्या ताब्यात असताना झाला आणि भरपाईची जबाबदारी आली नोंदणीकृत मालकावर, म्हणजे पहिल्यावर.

चलनाचे हजार-पाचशे भरून विषय मिटवणारे पुष्कळ आहेत. त्यांना वाटते तेवढाच धोका आहे. उद्या त्या गाडीखाली कोणी आले आणि विमा संपलेला असला तर लाखांचा दावा तुमच्या दारात येईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत कळवायचे असते. मुदत गेली असली तरी आज कळवा. पर्टिक्युलर्स काढून अजून नाव तुमचेच आहे का पाहा. असल्यास फॉर्म २९, विक्रीचा पुरावा आणि घेणाऱ्याचे ओळखपत्र असल्यास ते जोडून नोंदणी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. गाडी डीलरला दिली असेल तर अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर नोंदवण्याची सोय २०२३ पासून आहे. ती नोंदवल्याशिवाय चावी देऊ नका.

वडील वारले, गाडी त्यांच्या नावावर आहे. पर्टिक्युलर्स मला देतील का?

मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा दाखवला तर देतात. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावायचे, असा नियम आहे. बाकी वारसांची संमती लागते, आणि खरा उशीर तिथेच होतो. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. घरातल्या थोरांची गाडी असेल तर ते आत्ताच करून घ्या.

चलनांची यादी कुठे मिळेल?

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा संकेतस्थळावर, गाडीचा नंबर आणि चासी-इंजिनचे शेवटचे आकडे टाकून. परराज्यातल्या चलनांसाठी परिवहनचे ई-चलन पान. फोटो उघडून बघा: नंबरप्लेटचा एक आकडा चुकीचा वाचून दुसऱ्याचे चलन आलेले असू शकते. तक्रार नोंदवायची सोय तिथेच आहे.

कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात अनुभव दाखवायचा आहे.

आंतरराष्ट्रीय परमिट वेगळे आणि उतारा वेगळा. परमिट एक हजार रुपयांत, एका वर्षासाठी, तिकडे गाडी चालवायला. त्यातून अनुभवाची वर्षे सिद्ध होत नाहीत. ओंटारिओसारख्या ठिकाणी अनुभव मोजून घ्यायला परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे पत्र मागतात. त्यांना त्यात नाव पासपोर्टप्रमाणे, पहिली तारीख आणि वाहनाचा प्रकार इंग्रजीत हवा असतो. निघण्याआधी सही-शिक्क्याचा उतारा काढून न्या. तिकडून भावाला आरटीओत पाठवायचे तर अधिकारपत्र, परवान्याची प्रत, पासपोर्टची प्रत, आणि ओटीपी तुमच्या बंद पडलेल्या भारतीय नंबरवर. विम्याचा नो क्लेम दाखला आरटीओ देत नाही, तो तुमच्या इथल्या विमा कंपनीकडून आणा.

डिजिलॉकरमधली आरसी चालते का?

रस्त्यावर चालते. २०१८ मध्ये केंद्राने डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधल्या कागदांना मूळ कागदांइतकेच मानायला सांगितले आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ तसा बदलला. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, ॲप उघडून दाखवा. कोर्टात मात्र प्रमाणित प्रत लागते, किंवा कोर्ट आरटीओच्या कर्मचाऱ्याला नोंदीसह बोलावते.

व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची फाइल आली आहे. उघडू?

नाही. शेवटी एपीके लिहिलेली फाइल उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. सरकारी चलन एसएमएसने कळते आणि ते पाहायला कुठलेही ॲप फाइलमधून टाकावे लागत नाही. फाइल आधीच उघडली असेल तर फोनचे इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर दुसऱ्या फोनवरून लगेच तक्रार द्या.